आजोबा, ओम्नी आणि मछलीपट्टण : विनोदी कादंबरी उमरग्याच्या पुढं का रेंगाळते

तुमचा प्रश्न थोडक्यात असा धरतो. सोलापुरातल्या पद्मशाली म्हणजे तेलुगू विणकर घरातले आजोबा, सगळं आयुष्य यंत्रमागावर गेलेलं, दोन नातू, एक जुनी ओम्नी, आणि घराजवळून जाणारा हैदराबाद रोड जिथं संपतो तिथपर्यंत म्हणजे थेट आंध्रच्या किनाऱ्याकडच्या मछलीपट्टणपर्यंत जाऊन बघायचं असं आजोबांच्या डोक्यात बसलंय. विनोदी कादंबरी, पहिलीच, अडीचशेच्या आसपास पानं. मित्र सुरुवातीची प्रकरणं वाचून पोट धरून हसले, पण उमरग्याच्या प्रकरणापुढं वाचत एकही जण गेला नाही, आणि तुम्ही विचारताय की जोक कमी पडले का, अजून घालू का.

नका घालू. जोक आहेत तेवढे पुष्कळ आहेत, उलट थोडे काढावे लागतील. मी बरीच वर्षं विनोदी लिहितोय आणि दुसऱ्यांची हस्तलिखितंही एडिट करतोय, आणि प्रवासावरची पहिली कादंबरी जवळजवळ प्रत्येक वेळी याच जागी बसते. तुमच्या सारांशात प्रत्येक गावात एक विचित्र माणूस भेटतो, गंमत होते, गाडी पुढं जाते. नळदुर्गला गाइड, उमरग्याला पंक्चरवाला, हुमनाबादला लग्नाची वरात, जहीराबादला उसाची ट्रॉली. आता एक करून बघा, उमरग्याचं प्रकरण उचलून जहीराबादच्या जागी ठेवा आणि तिथलं इकडं आणा. गावाची नावं सोडली तर काही बिघडलं का? नाही बिघडत, मी सारांशावरूनच सांगतो. आणि जिथं प्रकरणं अशी अदलाबदल होऊ शकतात तिथं वाचकालाही पुढं जायचं काही कारण उरत नाही, त्याला तीन किस्से ऐकून चौथ्याचा अंदाज येतो आणि तो मोबाइल उचलतो.

रस्ता लेखकाला प्रसंग फुकट देतो ना, तिथंच माणूस फसतो. धाबा, टोल, पोलीस, मेकॅनिक, म्हैस आडवी येणं, हे सगळं न मागता मिळतं म्हणून आपण ते लिहीत सुटतो. पण प्रवासातलं हसू गाडीच्या बाहेर फार कमी असतं. ते आत असतं, तीन-चार माणसं एका पत्र्याच्या डब्यात दोन-तीन दिवस कोंडलेली, कुणाला उतरता येत नाही आणि प्रत्येकाला दुसऱ्याकडून काहीतरी हवंय किंवा दुसऱ्यापासून काहीतरी लपवायचंय. बाहेरचा माणूस येतो तो फक्त ते लपवलेलं उघडं पाडायला. एवढं एक लक्षात ठेवून ड्राफ्ट परत वाचा : गाडी थांबून परत सुटली तेव्हा आत काहीतरी बदललेलं पाहिजे. कोण कुणाशी बोलत नाही, कुणाचे पैसे कुणाकडं गेले, कोण कुठल्या सीटवर बसला, काहीही चालेल, पण बदललं पाहिजे.

सीटवरून आठवलं, तुमच्या ड्राफ्टमधली सगळ्यात भारी गोष्ट तुम्ही एका परिच्छेदात संपवलीय. ओम्नीचं इंजिन पुढच्या दोन सीटच्या खाली असतं हे जो एप्रिलमध्ये ओम्नीत बसलाय त्याला सांगावं लागत नाही, बाहेर बेचाळीस आणि खालून शेगडी. तुमचे आजोबा "पुढची सीट मानाची" म्हणून तिथंच बसतात आणि हट्टानं उठत नाहीत, हे वाचून मी खरंच हसलो. मग पुढं काय? पुढं ते कायम तिथंच. अहो, त्या सीटवर अख्खी कादंबरी चालेल की. कुणाचा वरचष्मा आहे त्यावर पुढं कोण बसणार ते ठरू द्या, मग हळूहळू मानाची सीट शिक्षेची सीट होऊ द्या, आणि सूर्यापेटच्या पुढं कधीतरी कुणीतरी स्वतःहून म्हणू दे की मी बसतो पुढं. तो क्षण तुम्हाला दोन पानं भावुक लिहून मिळणार नाही.

आता कारणाचं बघू. "रस्ता कुठं संपतो ते बघायचंय" हे गोड आहे, मला आवडलंय, पण एवढ्यावर साडेसहाशे किलोमीटर गाडी ओढत नाही. गोड इच्छेच्या खाली एक व्यवहारी, थोडं लाजिरवाणं कारण लागतं. मराठीत याचं मोठं उदाहरण विनोदी नाहीच आहे. वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ साली घराबाहेर पडले ते काही देश बघायला नाही, घरात कर्ज होतं आणि ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे मथुरेला मोठा यज्ञ करणार, दक्षिणा बरी मिळेल असं कळलं म्हणून काकांना बरोबर घेऊन निघाले, आणि नेमके बंडात सापडले. मिळवलेलं लुटलं गेलं, परत मिळवलं, परत गेलं, आणि शेवटी घरी काय आणलं तर गंगेची कावड. त्यांचं 'माझा प्रवास' छापून आलं १९०७ मध्ये आणि अजून वाचलं जातं. त्यात माणसं मरतात, झाशी जळते, हसायचं काही नाही, पण सांगाडा बघा, छोटं घरगुती कारण आणि त्याच्यापुढं उभा राहिलेला अवाढव्य गोंधळ. विनोदी कादंबरीला हाच सांगाडा लागतो, फक्त गोंधळ आपल्या मापाचा करायचा.

तुमच्याकडं हे कारण आयतं पडलंय आणि तुम्ही ते वापरलं नाही. ओम्नी कुणाच्या नावावर आहे? ड्राफ्टमध्ये एका ओळीत येतं की गाडी आजोबांच्या वारलेल्या मोठ्या भावाची. मग बसा की त्याच्यावर! गाडीचा मालक वारला तर वारसानं तीस दिवसांत आरटीओला कळवायचं आणि तसं कळवलं असेल तर तीन महिने गाडी वापरता येते, तेवढ्यात नावावर करून घ्यायची, असा नियम आहे. आजोबांनी कळवलंय का? त्या भावाच्या मुलांना माहीत आहे का गाडी सोलापुरात नाही ते? प्रत्येक नाक्यावर एमएच १३ बघून पोलीस हात करणार आणि आत बसलेल्या तिघांपैकी एकाच्याच पोटात गोळा येणार, बाकी दोघं निवांत शेंगा खातायत. इथून हसू सुरू होतं, पोलिसाच्या मिशीवरून नाही. (मिशीवर तुम्ही दीड पान खर्च केलंय, ते काढा.)

लपवलेल्या गोष्टीचा नियम माझा असा आहे की गाडीतल्या प्रत्येकाकडं एक गुपित, आणि ते वाचकाला लवकर सांगून टाकायचं. नवीन लेखक गुपित वाचकापासूनही लपवतात आणि शेवटी फोडतात, ते रहस्यकथेत ठीक. विनोदात वाचकाला आधीच माहीत पाहिजे, मग साधं वाक्य पण हसवतं. समजा मोठ्या नातवाची हिंजवडीची नोकरी गेलीय आणि घरी सांगितलेलं नाही. तो रोज अकराला "मीटिंग आहे" म्हणून गाडीतून उतरतो, कानात इअरफोन घालून बाभळीखाली उभा राहून कुणाशीही न बोलता इंग्रजीत बोलतो, आणि लांबून आजोबा कौतुकानं बघतायत. धाकट्यानं ओम्नी आधीच विकून ॲडव्हान्स घेतलाय, सोमवारी ताबा द्यायचाय. मग हुमनाबादला शेळीनं दरवाजाला घासून ओरखडा काढला की तो नुसता ओरखडा राहत नाही, त्याचे पाच हजार गेले आणि त्याला रडताही येत नाही. तुमचा तोच शेळीचा सीन, एक शब्द न बदलता चालायला लागेल.

टोलचा सीन मात्र जसाच्या तसा नाही चालणार. सुट्या पैशांवरून तीन पानं भांडण, आणि त्याच गाडीत मागच्या सीटवर धाकटा रील्स बघतोय. फेब्रुवारी २०२१ पासून फास्टॅग सक्तीचा झालाय, सुट्या पैशांची ती मजा गेली. मग एक तर गोष्ट आधीच्या साली न्या, किंवा फास्टॅगलाच कामाला लावा, आणि मी तर दुसरंच करीन. टॅग कुणाच्या मोबाइलला जोडलाय? घरी राहिलेल्या वडिलांच्या. त्यांना सांगितलंय की आम्ही तुळजापूरला जाऊन संध्याकाळी परत येतो. आणि प्रत्येक टोलनाक्यावर "टिंग", एवढे पैसे कापले, नाक्याच्या नावासकट मेसेज अशोक चौकातल्या घरात. वडील काही न बोलता एकेक मेसेज वाचतायत, आई विचारती काय झालं, ते म्हणतात काही नाही. म्हातारा पूर्वेला चाललाय आणि मुलगा घरबसल्या मोबाइलवर त्याचा माग काढतोय. हे करायला तुम्हाला नवीन पात्रसुद्धा लागत नाही. गुगल मॅपचंही तसंच, आता वाट चुकणं खोटं वाटतं, तेव्हा मॅप बरोबर सांगू दे आणि आजोबांनी त्यावर विश्वास ठेवायला नकार देऊ दे.

आता आजोबांबद्दल थोडं कडक बोलतो. ते फार चांगले झालेत. सगळ्यांना समजून घेतात, गरिबाला पैसे देतात, योग्य वेळी योग्य वाक्य बोलतात. पहिल्या कादंबरीत लेखक आपल्याच आजोबांवर लिहीत असतो, त्यामुळं हात आखडतो, मला कळतं ते. पण विनोदी कादंबरीत चुकायचा हक्क सगळ्यांना सारखा पाहिजे. ते खोटं बोलू देत, पत्त्यात फसवू देत, एका धाब्यावर बिल न देता सटकू देत. आणि धाकटा नातू तुमच्याकडं जवळजवळ मुका आहे, तो नुसता निवेदक होऊन बसलाय. सर्व्हांटेसनं १६०५ साली 'डॉन किहोटे' या कादंबरीत आपल्या वेड्या सरदाराला आधी एकट्यालाच घोड्यावर बसवून बाहेर काढलं होतं, थोड्याच प्रकरणांत मार खाऊन तो घरी आला, आणि दुसऱ्यांदा निघताना बरोबर सांचो हा नोकर दिला तेव्हा कुठं ते पुस्तक बोलायला लागलं. प्रवासात वेडा एकटा नको, त्याच्याशी हुज्जत घालणारा पाहिजे.

आणि गाडीत बाई का नाही? सोलापूरच्या तेलुगू घरातली गोष्ट आणि अडीचशे पानांत बायका फक्त दारात उभ्या राहून हात हलवतात, हे कसं पटणार. आत्याला घ्या गाडीत. कुंभारीला गोदूताई परुळेकरांच्या नावानं दहा हजार घरांची विडी कामगारांची वसाहत आहे, तिथली आत्या. कुंभारी अक्कलकोट रोडला म्हणजे निघतानाच वाट वाकडी. ती तेंदूपत्त्याचं सूप मांडीवर घेऊनच चढणार कारण मजुरी हजार विड्यांवर मिळते, दिवस रिकामा गेला तर कोण देणार. चालत्या ओम्नीत विड्या वळणारी बाई, सरकता दरवाजा उघडा, हैदराबाद रोडचा वारा आणि सगळीकडं पानं. ती गाडीत असली की आजोबांचा मोठेपणा पण जरा कमी होईल कारण तिला ते लहानपणापासून माहीत आहेत. तिचं स्वतःचं काम पण पाहिजे हं, नुसती टोमणे मारायला नको. नलगोंड्याकडं कुठल्यातरी चुलत घरात तिचे पैसे अडकलेत आणि ती ते वसूल करायला निघालीय, असं काहीतरी.

भाषेबद्दल तुम्ही विचारलंय की तेलुगू आणि कन्नड वाक्यांना तळटीप देऊ का. तळटीप आली की हसू गेलं. समोरच्याच्या उत्तरावरून अर्थ कळू द्या. हुमनाबादच्या हॉटेलात कुणी "ऊटा आयता?" विचारलं आणि मोठ्या नातवानं "नको, आत्ताच पोटभर जेवलो" म्हटलं की झालं काम, पुढच्या माणसाला कन्नड यायची गरज नाही. घरात ते आजोबांना "ताता" म्हणत असतील ना? मग म्हणू द्या, सगळीकडं "आजोबा आजोबा" कशाला. आणि सोलापुरी मराठी म्हणजे शेंगाचटणी आहे, भाकरीबरोबर चिमटीनं, नुसती वाटीभर खाल्ली तर घसा धरतो. तुमच्याकडं प्रत्येक वाक्यात "काय करलालास बे", पुण्यातला वाचक तिसऱ्या पानावर दमेल आणि सोलापूरचा म्हणेल आपण काय एवढं बोलतो का. धाकटा चिडला की "बे" येऊ द्या, एरवी वाक्याच्या चालीत सोलापूर दिसलं तरी पुरे.

याच्यातच तुमच्या मधल्या भागाचं औषध पण आहे. विणकामासाठी तेलंगणातून जी घरं सोलापूरला आली ती याच दिशेनं आली, म्हणजे तातांचे वाडवडील जो रस्ता पश्चिमेकडं आले तोच रस्ता ते ओम्नीतून उलटा चाललेत. जन्मभर सोलापुरात "आमची भाषा तेलुगू" म्हणून मिरवलेला माणूस. जहीराबाद ओलांडल्यावर तो छाती फुगवून पहिल्यांदा तेलुगूत चहा मागतो आणि टपरीवाला त्याला हिंदीत उत्तर देतो. दोन-तीन पिढ्या मराठी आणि कन्नडच्या शेजारात राहिलेली त्यांची तेलुगू तिकडच्या कानाला परकी वाटते, आणि पुण्यात हाच माणूस "मद्रासी". हा धक्का विनोदी पण आहे आणि आतून लागणारा पण आहे, आणि तो फक्त जहीराबादच्या पुढंच बसू शकतो, उमरग्यात बसणार नाही. म्हणजे प्रकरणांची अदलाबदल बंद. असेच टप्पे शोधा. सोलापूर इंग्रजांचं होतं आणि नळदुर्गपासून पुढं १९४८ पर्यंत निजामाचं राज्य, आज महाराष्ट्र, मग बिदर जिल्ह्यातला कर्नाटकाचा पट्टा, मग तेलंगणा, मग कोदाडच्या पुढं आंध्र. तुमच्या ड्राफ्टमध्ये उमरग्यानंतर लगेच तेलंगणा लागतो, तो दुरुस्त करा. हायवेचा नंबर पण आता पासष्ट आहे, आधी नऊ होता, म्हातारा माणूस नऊच म्हणणार आणि नातू पासष्ट, दोन पानं भांडायला तेवढं बास.

अजून एक चूक सोलापूरचा वाचक लगेच पकडेल. एप्रिलमध्ये नळदुर्गच्या नर-मादी धबधब्याखाली तिघं आंघोळ करतायत. बोरी नदी पावसाळ्यात भरून वाहिली की ते धबधबे दिसतात, एप्रिलमध्ये तिथं कोरडा दगड. पण सीन काढू नका, खरंच ठेवा. ताता सोलापूरपासून धबधब्याचं वर्णन करत आलेत, तिकीट काढून सगळे किल्ल्यात जातात, धरणाच्या भिंतीतल्या पाणीमहालापर्यंत उन्हात चालतात, समोर थेंब नाही आणि ताता म्हणतात, आवाज तरी ऐका. विनोदात खरी माहिती जास्त काळजीनं द्यावी लागते, कारण वाचकाला एकदा वाटलं की हा काहीही फेकतोय की मग त्याला कशाचंच आश्चर्य वाटत नाही.

परत परत येणारा जोक एकच ठेवा पण त्याची किंमत वाढवत न्या. तुमच्याकडं गाडीत चादरींचा गठ्ठा आहे, नातेवाइकांना द्यायला. ताता प्रत्येक संकटात एक चादर काढून देतात, पोलिसाला, मेकॅनिकला, वरातीतल्या बँडवाल्याला. छान आहे, पण गठ्ठ्यात किती होत्या ते वाचकाला पहिल्याच प्रकरणात मोजून सांगा आणि ज्यांच्यासाठी नेल्यात त्यांची नावं पण सांगा. मग प्रत्येक चादर जाताना एक नातेवाईक कमी होतो. आत्या तर हिशोबच ठेवणार, "ही सुगुणाची गेली".

शेवट. हायवे सरळ लाटांमध्ये शिरतो आणि ताता समुद्र बघून रडतात, असं तुम्ही लिहिलंय. आता खरं कसं आहे बघा, मछलीपट्टण म्हणजे गाव, आणि लोक समुद्र बघायला जातात ते मंगिनपुडी तिथून अजून दहा-बारा किलोमीटर. म्हणजे जे बघायला आले ते त्यांना गावात दिसणारच नाही! रस्ता संपला, समोर चौक, रिक्षा, लाडूची दुकानं. तातांचं म्हणणं होतं रस्ता जिथं संपतो तिथं जायचं, ते झालं, आता समुद्रापर्यंत जायचं की नाही यावर गाडीत चौघांचं भर चौकात भांडण होऊ द्या, सगळी गुपितं तिथंच बाहेर पडू द्या, मागून हॉर्न वाजतायत. समुद्रावर गेले की नाही ते तुम्ही ठरवा, मी असतो तर त्यांना लाडू घ्यायला लावला असता. रडणं मात्र काढा, ते अजून कमावलेलं नाही.

सुरुवातीची चाळीस पानं गाडी मार्केट यार्डाच्या पुढं सरकत नाही, ती पंधरावर आणा. कांद्याच्या ट्रकांमध्ये अडकणं ठेवा, पण एप्रिलमध्ये ती गर्दी तेवढी नसते, तेव्हा एक तर महिना बदला किंवा ट्रक बदला. महिना बदलला तर इंजिनवरची सीट थंडीत मानाचीच राहील, म्हणून माझं मत ट्रक बदला. पूर्ण ड्राफ्ट कुणाला तरी मोठ्यानं वाचून दाखवा, स्वतः हसू नका, आणि समोरचा कुठं मोबाइल बघतो तिथं पेन्सिलनं खूण करा.

छपाईचं एवढ्यात कशाला विचारताय, पण विचारलंच आहे तर : महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना पहिल्याच पुस्तकासाठी असते आणि त्यात कादंबरी बसते, तिची जाहिरात कधी येते त्यावर लक्ष ठेवा. आयएसबीएन म्हणजे पुस्तकाचा ओळख क्रमांक आपल्याकडं फुकट मिळतो, त्याचे वेगळे पैसे कुणी मागितले तर दुसरीकडं जा. आणि पैसे भरून छापून देणाऱ्यांकडं जायचंच असेल तर किती प्रती छापणार आणि त्या कुठल्या दुकानात ठेवणार हे आधी कागदावर घ्या.

मला परत पाठवणार असाल तर सगळी अडीचशे पानं नकोत. कुंभारीहून आत्या चढल्यापासून जहीराबादच्या चहापर्यंत तेवढं लिहून पाठवा, गाडीत कोण कुठं बसलंय ते प्रत्येक प्रकरणाच्या वर पेन्सिलनं लिहून.